शिकागोचं जुनं स्टॅग फील्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकागो विद्यापीठाच्या जुन्या स्टेडियमबद्दल मराठीत एवढंच एक वाक्य फिरतं: 'फुटबॉलच्या मैदानाखाली जगातली पहिली अणुभट्टी पेटली.' वाक्य चुकीचं नाही, पण त्याआधीची पन्नास वर्षं त्यात येत नाहीत. अणुभट्टीला जागा मिळाली, कारण इथला खेळ आधीच थांबला होता. तो का थांबला हे कळलं की पुढची गोष्ट वेगळी वाटू लागते. मित्रांनी आणि वाचकांनी वेळोवेळी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं इथं एकत्र करतो आहे.

हे मैदान नेमकं कुठं होतं?

शिकागो शहराच्या दक्षिण भागातल्या हाइड पार्क वस्तीत, विद्यापीठाच्या आवारातच. 56वा आणि 57वा रस्ता, पश्चिमेला एलिस अ‍ॅव्हेन्यू आणि पूर्वेला युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यू यांच्यामधला तो मोठा चौकोन. आज तिथं विद्यापीठाचं मुख्य ग्रंथालय उभं आहे. गवताची एक काडीही उरलेली नाही, त्यामुळे नकाशा हातात असूनही पहिल्यांदा जाणारा माणूस गोंधळतो.

नावाचाही घोळ होतो. त्याच विद्यापीठाचं आजचं मैदानही 'स्टॅग फील्ड' याच नावाचं आहे, पण ते काही चौक पलीकडे, 55व्या रस्त्याजवळ आहे. इथं 'जुनं' म्हटलंय ते म्हणूनच.

आधी त्याला 'मार्शल फील्ड' का म्हणत?

मार्शल फील्ड हे माणसाचं नाव. शिकागोतल्या प्रसिद्ध डिपार्टमेंट स्टोअरचे ते मालक. विद्यापीठ 1890मध्ये जॉन रॉकफेलर यांच्या पैशावर स्थापन झालं आणि 1892मध्ये वर्ग सुरू झाले. मैदानाची जमीन फील्ड यांच्याकडून मिळाली म्हणून मैदानाला त्यांचं नाव पडलं. इंग्रजीत 'फील्ड' म्हणजे मैदानही, त्यामुळे ते नाव चपखल बसलं. 1893पासून तिथं खेळ सुरू झाला. भोवतीचं पहिलं लाकडी कुंपण खुद्द प्रशिक्षकानं विद्यार्थ्यांना हाताशी धरून ठोकलं होतं. पुढं दोन दशकांनी, 1913-14च्या सुमारास, त्याच प्रशिक्षकाचं नाव मैदानाला देण्यात आलं.

हे स्टॅग कोण?

अ‍ॅमॉस अलोन्झो स्टॅग. जन्म 1862. येल विद्यापीठाचे नावाजलेले खेळाडू. त्यांना खरं तर धर्मोपदेशक व्हायचं होतं, पण आपल्याला प्रवचन जमत नाही असं त्यांच्या लक्षात आलं आणि मैदानातूनच मुलं घडवायची असं त्यांनी ठरवलं. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला असताना, मार्च 1892मध्ये, बास्केटबॉलचा पहिला जाहीर सामना झाला. त्यात शिक्षक 5-1 असे हरले आणि शिक्षकांचा तो एकमेव गोल स्टॅग यांचा होता.

विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी त्यांना शिकागोत आणलं ते नुसते प्रशिक्षक म्हणून नव्हे, तर सहयोगी प्राध्यापक आणि शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख म्हणून. खेळ शिकवणाऱ्याला प्राध्यापकांच्या रांगेत कायमची खुर्ची मिळणं त्या काळी नवलाचं होतं. पहिल्या वर्षी संघाला खेळाडू कमी पडले तेव्हा ते स्वतः मैदानात उतरले. नंतर 1932पर्यंत सलग 41 हंगाम ते तिथंच होते. एका माणसानं एका मैदानावर इतकी वर्षं काढावीत, हे आज कल्पनेतही बसत नाही.

इथं कुठला फुटबॉल खेळत?

अमेरिकन फुटबॉल. लांबट चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्यांची भिंत फोडत पुढं जायचं, तो खेळ. अमेरिकेत तो आधी कॉलेजांचा खेळ म्हणून मोठा झाला, व्यावसायिक लीग पुष्कळ नंतर आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शनिवारी दुपारचा कॉलेजचा सामना म्हणजे अख्ख्या शहराचा सण असे. शिकागोच्या संघाचं नाव मरून्स, जर्सीच्या किरमिजी रंगावरून पडलेलं. 'मॉन्स्टर्स ऑफ द मिडवे' हे बिरुद आज शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाला लावतात, पण आधी ते मरून्सचं होतं. मिडवे हा विद्यापीठालगतचाच हिरवा पट्टा.

आज 'बिग टेन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बलाढ्य कॉलेज-गटाच्या संस्थापकांत शिकागो होतं. त्या गटाची सात विजेतेपदं मरून्सनी जिंकली, शेवटचं 1924मध्ये.

इथला सर्वांत गाजलेला सामना कोणता?

माझं उत्तर एकच: 30 नोव्हेंबर 1905, थँक्सगिव्हिंगचा दिवस, शिकागो विरुद्ध मिशिगन.

मिशिगनचा संघ 1901पासून हरलाच नव्हता. सलग 56 सामने. त्या हंगामात तर त्यांनी तोवर 495 गुण मिळवले होते आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण दिला नव्हता. मैदानात पंचवीस हजारांहून अधिक माणसं दाटली होती. बराच वेळ दोन्हीकडं शून्य. दुसऱ्या डावात शिकागोचा छोट्या चणीचा क्वार्टरबॅक (संघाची चढाई चालवणारा खेळाडू) वॉल्टर एकरसॉल यानं चेंडू लांब, मिशिगनच्या गोलरेषेपलीकडं लाथाडला. मिशिगनच्या खेळाडूनं तो झेलला, पळत बाहेर काढायचा प्रयत्न केला आणि शिकागोच्या गड्यांनी त्याला गोलरेषेच्या मागंच लोळवलं. या खेळात स्वतःच्याच गोलरेषेमागं पकडलं गेलं की प्रतिस्पर्ध्याला दोन गुण मिळतात. त्याला 'सेफ्टी' म्हणतात.

सामना संपला 2-0 असा. मिशिगननं त्या अख्ख्या वर्षात दिलेले हे फक्त दोन गुण, आणि त्यांनीच त्यांची चार वर्षांची घोडदौड थांबवली. बचावाच्या जोरावर, घाम गाळून मिळालेला असा विजय मला धुवांधार गुणांच्या सामन्यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

मैदान केवढं होतं? फक्त फुटबॉलच चाले का?

लाकडी बाकांपासून सुरुवात झाली. 1913मध्ये पश्चिमेला काँक्रीटचा भक्कम स्टँड उभा राहिला. बाहेरून तो किल्ल्यासारखा दिसे, बुरूज आणि कंगोऱ्यांसह. 1920च्या दशकात वाढवत वाढवत क्षमता पन्नास हजारांच्या पुढं गेली. त्या स्टँडच्या पोटात रॅकेट्स या स्क्वॉशसारख्या खेळाचं कोर्ट आणि कपडे बदलायच्या खोल्या होत्या. त्या पुढं लागणार आहेत.

धावपटूंसाठीही हे मैदान मोठं होतं. अमेरिकी कॉलेजांची पहिली राष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा 1921मध्ये इथंच भरली. 20 जून 1936 रोजी, बर्लिन ऑलिंपिकच्या जेमतेम दीड महिना आधी, जेसी ओवेन्सनं इथं 100 मीटर 10.2 सेकंदांत पळून जागतिक विक्रम केला. बर्लिनची चार सुवर्णपदकं सगळ्यांना पाठ असतात, शिकागोची ही धाव फार थोड्यांना.

पहिली हाइझमन ट्रॉफी इथल्या खेळाडूला मिळाली, हे खरं?

खरं. कॉलेज फुटबॉलमधला हा सर्वोच्च वैयक्तिक मान 1935मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तो शिकागोच्या जे बरवँगर याला. तेव्हा त्या ट्रॉफीला अजून हाइझमनचं नावही लागलं नव्हतं, ते पुढच्या वर्षी लागलं. 1936मध्ये व्यावसायिक लीगची पहिली खेळाडू-निवड झाली, तिच्यातही पहिलं नाव त्याचंच होतं. पण तो व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही. ती जड ट्रॉफी त्याच्या मावशीच्या घरी बरीच वर्षं दार अडवायला वापरली जायची.

याच बरवँगरला 1934च्या सामन्यात पकडताना मिशिगनच्या एका खेळाडूच्या डाव्या डोळ्याखाली जखम झाली. तिचा व्रण आयुष्यभर राहिला. त्या खेळाडूचं नाव जेरल्ड फोर्ड, पुढं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष.

एवढं वैभव असताना फुटबॉल बंद का केला?

दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या.

पहिली, 1929मध्ये रॉबर्ट मेनार्ड हचिन्स हे अवघ्या तिशीतले गृहस्थ विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. विद्यापीठ ज्ञानासाठी आहे, तिकीटविक्रीसाठी नाही, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते त्यांनी जाहीरपणे लिहिलंही. सत्तरी गाठलेल्या स्टॅग यांना 1932च्या हंगामानंतर निवृत्त व्हावं लागलं. दुसरी, इतर विद्यापीठं खेळाडूंना सवलती देऊन भरती करत होती, सोपे अभ्यासक्रम आखत होती. शिकागोनं ते केलं नाही. साहजिकच चांगले खेळाडू दुसरीकडं गेले.

बरवँगर गेल्यावर उतरण लागली. 1938मध्ये स्टॅग परत आले ते प्रतिस्पर्धी म्हणून. शिकागोनं निवृत्त केल्यावर ते कॅलिफोर्नियातल्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये गेले होते. त्यांच्या त्या छोट्या कॉलेजनं, त्यांच्याच नावाच्या मैदानावर, मरून्सना 32-0 असं हरवलं. शहात्तर वर्षांच्या त्या माणसाच्या मनात त्या दिवशी काय चाललं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून कधी जात नाही.

1939 तर सहन होण्यापलीकडचं होतं. हार्वर्डकडून 61-0, ओहायो स्टेटकडून 61-0, आणि मिशिगनकडून 85-0. तोच मिशिगन, तेच मैदान जिथं 34 वर्षांपूर्वी 2-0चा चमत्कार झाला होता. पन्नास हजारांच्या स्टँडमध्ये प्रेक्षक जेमतेम काही हजार. त्याच डिसेंबरात विद्यापीठानं फुटबॉल बंद केल्याचं जाहीर केलं. 1946मध्ये ते बिग टेनमधूनही बाहेर पडलं.

हचिन्स बरोबर होते की चूक?

या प्रश्नावर अमेरिकेत आजही वाद झडतात. माझं मत विचाराल तर निर्णय प्रामाणिक होता. खोटी हजेरी आणि खोटे गुण देऊन संघ टिकवण्यापेक्षा मैदान रिकामं ठेवणं बरं. पण त्या मुलांबद्दल वाईट वाटतं, जी सगळा अभ्यास सांभाळून, हरणार हे माहीत असूनही, दर शनिवारी मैदानात उतरत राहिली. 85-0चा आकडा सगळे सांगतात, त्या मुलांची आठवण कुणी काढत नाही.

मग अणुभट्टी इथं का?

योजना इथली नव्हतीच. 1942मध्ये आर्थर कॉम्प्टन यांच्या नेतृत्वाखाली विद्यापीठात 'मेटलर्जिकल लॅबोरेटरी' या फसव्या नावाखाली अणुसंशोधन चालू होतं. एन्रिको फर्मी या इटालियन शास्त्रज्ञाचा गट तिथं काम करत होता. युरेनियमचे अणू फुटतात, त्यातून न्यूट्रॉन निघतात, ते आणखी अणू फोडतात. ही साखळी आपसूक चालू राहील का, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. मोठी अणुभट्टी शहराबाहेर अर्गॉनच्या जंगलात उभारायची ठरली होती, पण तिथलं बांधकाम कामगारांच्या वादामुळे अडलं. युद्ध चालू होतं आणि जर्मनी आपल्या पुढं असेल अशी भीती होती. फर्मी यांनी कॉम्प्टनना पटवलं की हा प्रयोग इथंच सुरक्षितपणे करता येईल.

आणि इथं म्हणजे पश्चिम स्टँडखालच्या रॅकेट्स कोर्टात. आधीच्या महिन्यांत त्याच कोर्टात लहान चाचण्या झाल्या होत्या. छत उंच होतं, भिंती जाड होत्या आणि वर प्रेक्षक येण्याचा प्रश्नच नव्हता. मैदान गजबजलेलं असतं तर हे कुणाच्या मनातही आलं नसतं.

'स्क्वॉश कोर्ट' की 'रॅकेट्स कोर्ट'?

रॅकेट्स. स्क्वॉशचा तो जुना चुलत भाऊ, कोर्ट पुष्कळ मोठं: सुमारे 60 फूट लांब, 30 फूट रुंद. बहुतेक ठिकाणी स्क्वॉश असं छापलेलं आढळतं, तसं लिहू नका.

अणुभट्टी उभारली कशी?

हातांनी. 16 नोव्हेंबर 1942ला काम सुरू झालं आणि दोन पाळ्यांत रात्रंदिवस चाललं. एक पाळी वॉल्टर झिन यांची, दुसरी हर्बर्ट अँडरसन यांची. ग्राफाइटचे सुमारे 45,000 ठोकळे सुतारकामाच्या यंत्रांवर कापायचे, त्यांतल्या कित्येकांना भोकं पाडून आत युरेनियम बसवायचं आणि लाकडी चौकटीत थरावर थर रचायचे. असे 57 थर. ग्राफाइट न्यूट्रॉनचा वेग कमी करतं आणि मंद न्यूट्रॉन युरेनियमला सहज फोडतो, एवढंच त्यामागचं तत्त्व. ठोकळे वाहायला जवळच्या कत्तलखान्यांच्या वस्तीतली, सैन्यात बोलावण्याची वाट बघणारी तरुण पोरं लावली होती. आपण काय रचतोय हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. ग्राफाइटची काळी भुकटी इतकी उडे की माणसं खाणीतून आल्यासारखी दिसत आणि फरशी निसरडी होई.

थंडी मरणाची. कोर्टात उष्णतेची सोय नव्हती. तेलाच्या पिंपांत कोळसा पेटवून पाहिला तर धूर कोंडला. दारावर उभ्या राहणाऱ्या पहारेकऱ्यांचे तर हाल चालले होते. मग कुणीतरी जुन्या कपाटांत शोधाशोध केली आणि फुटबॉलच्या वैभवाच्या दिवसांतले रॅकूनच्या कातड्याचे केसाळ कोट सापडले. ते पहारेकऱ्यांना घालायला दिले. या सगळ्या इतिहासातलं मला सर्वांत हलवून टाकणारं दृश्य कुठलं असेल तर हेच: प्रेक्षक निघून गेलेल्या स्टेडियमच्या दारात, प्रेक्षकांचे कोट घालून उभे असलेले पहारेकरी.

2 डिसेंबर 1942ला काय झालं?

सकाळपासून कॅडमियमचे दांडे एकेक करून बाहेर काढले जात होते. कॅडमियम न्यूट्रॉन गिळतं, म्हणून दांडे आत असेपर्यंत साखळी चालत नाही. दुपार होण्याच्या सुमारास अचानक एक सुरक्षा-दांडा धाडकन आत पडला. तो आपोआप पडण्याची मर्यादा फार कमी लावली गेली होती. फर्मी शांतपणे म्हणाले, चला, जेवून घेऊ.

जेवणानंतर पुन्हा सुरुवात. जॉर्ज वाइल शेवटचा दांडा हातानं थोडाथोडा ओढत होते, फर्मी आपल्या स्लाइड रूलवर, म्हणजे आकडेमोडीच्या सरकत्या पट्टीवर, गणित करत होते. एका बाजूला नॉर्मन हिल्बेरी कुऱ्हाड घेऊन उभे, कारण वेळ पडलीच तर दोर तोडून सुरक्षा-दांडा खाली पाडायचा होता. वर तिघंजण कॅडमियमच्या द्रावणाची भांडी घेऊन तयार होते. हजर असलेल्या 49 जणांत लिओना वुड्स ही एकच स्त्री. साडेतीनच्या सुमारास मोजणी-यंत्रांची टकटक वाढत जाऊन सलग झाली. साखळी आपली आपण चालू लागली होती. निर्माण झालेली ऊर्जा सुमारे अर्धा वॅट, म्हणजे हातातल्या टॉर्चचा दिवाही नीट पेटला नसता.

यूजीन विग्नर यांनी कियांती वाइनची बाटली काढली. कागदी कपांत सगळ्यांनी घोटघोट घेतली, कुणी जयघोष केला नाही. कॉम्प्टन यांनी फोनवर सांकेतिक भाषेत कळवलं की इटालियन खलाशी नव्या जगात पोहोचला आहे. सगळे पांगल्यावर भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड मागं थांबले, फर्मींशी हात मिळवला आणि हा दिवस मानवजातीच्या इतिहासात काळा दिवस म्हणून नोंदला जाईल असं म्हणाले. साखळीची कल्पना मुळात झिलार्ड यांचीच होती, त्यामुळे ते शब्द वेगळे ऐकू येतात. या प्रयोगातून मोठ्या अणुभट्ट्या झाल्या, त्यांतून प्लुटोनियम आणि त्यातून नागासाकीवरचा बॉम्ब.

शहराला धोका नव्हता का?

या अणुभट्टीला किरणोत्सर्ग अडवणारी भिंत नव्हती आणि थंड करायची यंत्रणाही नव्हती. फर्मींचा भरवसा एका भौतिक गोष्टीवर होता: काही थोडे न्यूट्रॉन फुटल्यावर काही सेकंदांनी उशिरा निघतात, त्यामुळे साखळी हळूहळू वाढते आणि माणसाला दांडे आत ढकलायला वेळ मिळतो. गणित बरोबर निघालं. पण लाखोंच्या शहरात हे करताना कॉम्प्टन यांनी अध्यक्ष हचिन्सनाही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना नकारच द्यावा लागला असता, असं कॉम्प्टन यांनी नंतर लिहिलं. शास्त्रज्ञांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे, तरी शेजारच्या घरांत राहणाऱ्यांना न विचारता घेतलेला हा निर्णय मला बरोबर वाटत नाही.

ती अणुभट्टी आता कुठं आहे?

1943च्या सुरुवातीलाच ती सोडवून शहराबाहेरच्या रेड गेट वूड्समध्ये नेली आणि संरक्षक भिंतींसह नव्यानं उभारली. 1950च्या दशकात तिचे अवशेष तिथंच पुरले. जागेवर दगडी खूण आहे.

स्टेडियम कधी पाडलं?

पश्चिम स्टँड 1957मध्ये. ज्या कोर्टात हे घडलं तेही त्याच्याबरोबर गेलं. 1965मध्ये त्या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, म्हणजे वास्तू पाडून झाल्यावर आठ वर्षांनी. उरलेल्या मैदानावर रेगेनस्टाइन ग्रंथालय बांधलं, ते 1970मध्ये उघडलं. 2011मध्ये शेजारी मानसुएटो ग्रंथालयाचा काचेचा घुमट आला.

तिथलं ते शिल्प कशाचं आहे?

ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचं 'न्यूक्लिअर एनर्जी'. प्रयोगाला 25 वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, 2 डिसेंबर 1967ला दुपारी 3:36 वाजता, त्याचं अनावरण झालं. एका बाजूनं ते कवटीसारखं दिसतं, दुसऱ्या बाजूनं अणुस्फोटाच्या ढगासारखं. त्याची छोटी प्रतिकृती हिरोशिमाच्या कलासंग्रहालयात आहे.

या जागेचा मराठीशी काही संबंध?

आहे, आणि तुम्ही तो बहुधा वापरलाही असेल. शिकागो विद्यापीठ दक्षिण आशियाच्या अभ्यासाचं मोठं केंद्र आहे आणि रेगेनस्टाइन ग्रंथालयातल्या दक्षिण आशिया संग्रहात मराठी पुस्तकंही आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश इंटरनेटवर शोधता येतात ते याच विद्यापीठाच्या डिजिटल प्रकल्पामुळे. एखादा जुना शब्द अडला की मी तिथंच जातो. जिथं एकरसॉल चेंडू लाथाडत होता तिथल्या कपाटांत आज मराठी पुस्तकं आहेत, याचा मला मनापासून आनंद होतो.

शिकागोत फुटबॉल परत आला का?

आला. 1963मध्ये छोट्या प्रमाणावर सुरुवात झाली तेव्हा काही विद्यार्थ्यांनी मैदानात बसून विरोध केला होता. 1969पासून विद्यापीठाचा अधिकृत संघ पुन्हा खेळतो आहे. तो खेळतो तिसऱ्या श्रेणीत, जिथं खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही. त्या श्रेणीच्या अंतिम सामन्याला 'स्टॅग बोल' म्हणतात. स्टॅग स्वतः 102 वर्षं जगले, 1965पर्यंत.

बघायला कसं जायचं?

शहराच्या मध्यातून मेट्रा इलेक्ट्रिक लाइनची गाडी घ्या आणि 55-56-57वा रस्ता या स्थानकावर उतरा. 57व्या रस्त्यानं पश्चिमेकडं चालत राहा, वीसेक मिनिटांत एलिस अ‍ॅव्हेन्यूला पोहोचाल. शिल्प रस्त्यालगतच उघड्यावर आहे, तिकीट नाही. तिथून नव्या स्टॅग फील्डवरही जा. जुन्या मैदानाच्या फाटकाचा एक भाग तिथं नेऊन बसवला आहे. मिशिगनविरुद्धचा तो सामना जिथं झाला त्या मैदानाचं हाताला लागेल असं तेवढंच उरलं आहे.